ऑझीचा ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ : रिट्झमधल्या दोन रात्री आणि लाइव्ह अल्बमची घडण

सहावी तार

हेवी मेटलचा गायक ऑझी ऑस्बर्न याच्या अल्बमांवर गप्पा सुरू झाल्या की ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’, ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, फार तर ‘नो मोअर टिअर्स’ इथपर्यंत गाडी येते. १९८२ सालच्या ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ या डबल लाइव्ह अल्बमकडे कुणी वळून बघत नाही. "कंत्राट पुरं करायला काढला" आणि "सगळी गाणी ब्लॅक सॅबाथची, त्याच्या नव्या बँडचं एकही नाही" या दोन वाक्यांत निकाल लागतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण तेवढ्यावर तो अल्बम मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधीची हकीकत. १९७९मध्ये ब्लॅक सॅबाथनं, म्हणजे ऑझी ज्याचा मूळ गायक होता त्या बँडनं, त्याला बाहेर काढलं. तो संपलाच असं सगळे धरून चालले असताना त्याला गिटारवादक रँडी ऱ्होड्स भेटला आणि दोन वर्षांत दोन असे अल्बम झाले की गिटार शिकणारी मुलं आजही त्यांवर हात बसवतात. १९ मार्च १९८२ला फ्लोरिडात लीसबर्गजवळ दौऱ्याची बस थांबलेली असताना एक छोटं विमान बसवरून खाली झेपावत गेलं, त्याचा पंख बसला लागला आणि विमान कोसळलं. आतले तिघंही गेले. त्यात ऱ्होड्स होता, वय पंचवीस. ऑझी त्या वेळी बसमध्ये झोपलेला होता.

दौरा थांबला नाही. दोन आठवड्यांच्या आत बर्नी टोर्मे गिटार घेऊन उभा होता, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रमही त्यानंच निभावला. एप्रिलच्या मध्यावर त्याच्या जागी नाइट रेंजर या बँडचा ब्रॅड गिलिस आला. आणि सप्टेंबरच्या २६ आणि २७ तारखेला न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या रिट्झ क्लबात (इमारत वेब्स्टर हॉलची) हा अल्बम मुद्रित झाला. ऱ्होड्सला जाऊन सहा महिने झाले होते. गिटारवर गिलिस, बासवर रूडी सार्झो, ड्रमवर टॉमी ऑल्ड्रिज. निर्माता मॅक्स नॉर्मन, म्हणजे ऱ्होड्सच्या दोन्ही स्टुडिओ अल्बमांच्या वेळी कन्सोलवर (आवाज जुळवायच्या यंत्रावर) बसलेलाच माणूस.

आता कामाचा आवाका बघा. सॅबाथची तेरा गाणी. त्यातली ‘आयर्न मॅन’, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ आणि ‘पॅरानॉइड’ ही तीन दौऱ्याच्या शेवटी रोज वाजायची. उरलेली दहा या चौघांनी मोजक्या दिवसांच्या तालमीत बसवली आणि थेट टेप फिरत असताना वाजवली. एकदा हे डोक्यात घेऊन ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’पासून ऐकायला सुरुवात करा. ऑल्ड्रिज कसा हात मोकळा सोडतो ते ऐका. नुसतं उरकायचं म्हणून कुणी असं वाजवत नाही.

मला इथे दोन गोष्टींवर बोलायचंय. एक, दुःखात आणि सक्तीनं केलेलं काम कमअस्सलच असतं का? आणि दोन, लाइव्ह अल्बम म्हणून आपण जे ऐकतो ते नेमकं घडतं कसं? मुद्रणाच्या कामातली मंडळी इथे आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

कॅसेटवेडा

धागा काढल्याबद्दल आभार. थोडी भर घालतो. ब्रिटनमध्ये हाच अल्बम ‘टॉक ऑफ द डेव्हिल’ नावानं निघाला, त्यामुळे दोन वेगळे अल्बम आहेत असा अनेकांचा समज असतो. आणि ‘स्वीट लीफ’ सुरुवातीला फक्त कॅसेटवर होतं, एलपीवर नव्हतं. सीडी आल्यावर ते सगळ्यांपर्यंत पोचलं.

दुसरं म्हणजे १९८२ साली ऑझीच्या आवाजात सॅबाथचा एकही लाइव्ह अल्बम बँडच्या संमतीनं निघालेला नव्हता. १९८०चा ‘लाइव्ह अ‍ॅट लास्ट’ आहे, पण तो १९७३च्या मँचेस्टर आणि लंडनच्या टेपांवरून बँडला न विचारता बाजारात आणलेला. मूळ चौघांचा स्वतः काढलेला लाइव्ह अल्बम यायला १९९८ उजाडलं : ‘रियुनियन’, बर्मिंगहॅमचा. म्हणजे ‘स्नोब्लाइंड’ किंवा ‘फेअरीज वेअर बूट्स’ ऑझीच्या तोंडून मंचावर कसं लागायचं हे घरी बसून चांगल्या आवाजात ऐकायचं, तर कितीतरी वर्षं रिट्झचं हे मुद्रण हाच मुख्य आधार होता. या एका कारणासाठी तरी या अल्बमला मान द्यायला हवा.

पानगळ

विषय आवडीचा आहे, पण मूळ लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटलीय असं मला वाटतं.

हा अल्बम ऱ्होड्स गेल्यावर सुचलेला नाही. तो असतानाच ठरला होता. रूडी सार्झोनं आपल्या आठवणींत सविस्तर लिहिलंय : १९८२च्या सुरुवातीला सॅबाथच्या गाण्यांचा लाइव्ह अल्बम करायचा बेत बँडच्या कानावर आला, तेव्हा ऱ्होड्सनं नकार दिला आणि ऑल्ड्रिज, सार्झो त्याच्या बाजूनं उभे राहिले. दोन अल्बम स्वतःच्या रचनांचे केल्यावर दुसऱ्या गिटारवादकाच्या रिफा (गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळी) वाजवत मागे का जायचं, हा त्याचा प्रश्न होता. ऑझीला तो द्रोह वाटला, दारूच्या भरात त्यानं सगळ्यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं आणि नंतर त्याला ते आठवतही नव्हतं. दोघांमधलं नातं पुन्हा सांधलं नाही. ऱ्होड्सला तसंही रॉक सोडून शास्त्रीय गिटारचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं.

ज्या अल्बमला त्यानं नाही म्हटलं तोच अल्बम त्याच्या मागे सहा महिन्यांत झाला. वादन उत्तम आहे, मान्य. पण ऐकताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही आणि ती जायला हवी असंही मला वाटत नाही.

सहावी तार

@पानगळ, ही हकीकत मी मुद्दामच प्रतिसादांसाठी ठेवली होती, तुम्ही ती माझ्यापेक्षा नीट मांडलीत.

पण मला त्यातूनच उलट दिसतं. नकार देणाऱ्या तिघांपैकी दोघं, ऑल्ड्रिज आणि सार्झो, रिट्झच्या मंचावर उभे आहेत. त्यांना हा अल्बम नको होता. ज्याच्यासोबत मिळून नको म्हटलं तो मित्र आता नाही. समोर एक नवा गिटारवादक आहे, ज्याला स्वतःचा बँड सोडून इथे कायमचं राहायचंही नाही. आणि मध्ये गायक, ज्याला तीन वर्षांपूर्वी याच गाण्यांच्या बँडनं हाकललं. त्या खोलीत एकाच्याही मनासारखं काही नव्हतं. तरी वादनात कुठे अंग चोरल्याचं ऐकू येतं का? मला येत नाही. सार्झो रिट्झनंतर लगेच बाहेर पडला आणि क्वायट रायट या बँडमध्ये गेला, म्हणजे तो मनानं आधीच निघालेला असणार. तरी ‘एन.आय.बी.’चा बास ऐका.

कंत्राटाबद्दल दोन शब्द. अल्बम जेट रेकॉर्ड्सला द्यायचा होता आणि जेटचा मालक म्हणजे ऑझीच्या बायकोचे, शॅरनचे, वडील डॉन आर्डन. ऑझी आणि शॅरनचं लग्न त्याच वर्षी ४ जुलैला झालं आणि बापलेकीत फाटलं. अल्बम दिल्याशिवाय त्या घरातून सुटका नव्हती. ऱ्होड्सच्या रचना, ऱ्होड्सच्या जागी दुसरा कुणी वाजवतोय आणि त्याचा अल्बम काढून विकायचा, हा मार्ग त्यांनी घेतला नाही. सॅबाथची गाणी घेतली. मला ती त्यातल्या त्यात सभ्य वाट वाटते.

ध्वनिलेखक

मुद्रणाबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. रिट्झच्या त्या दोन रात्रींत नेमकी कोणती यंत्रं होती यात शिरत नाही. त्या काळात लाइव्ह अल्बम करायची जी सर्वसाधारण रीत होती ती सांगतो.

मंचावरच्या प्रत्येक माइकची तार आधी एका स्प्लिटर पेटीत जाते. तिथून एकाच आवाजाच्या तीन वाटा होतात : एक प्रेक्षकांच्या स्पीकरांच्या कन्सोलकडे, एक मंचावरच्या मॉनिटरांच्या (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरांच्या) कन्सोलकडे आणि एक बाहेर उभ्या असलेल्या रेकॉर्डिंग ट्रककडे. ट्रक म्हणजे चाकांवरचा स्टुडिओ. पहिली डोकेदुखी सुरू होते ती इथेच, कारण तीन वेगवेगळ्या ठिकाणची वीज आणि अर्थिंग एकाच तारेला जोडलेलं असतं. जरा चूक झाली की गुणगुण शिरते. त्यात दिव्यांच्या डिमरांची घरघर गिटारच्या पिकअपमध्ये उतरते ती वेगळीच. दुपारचा बराचसा वेळ हीच घरघर शोधण्यात जातो.

टेप दोन इंची, चोवीस ट्रॅकची. अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला तीस इंचांच्या वेगानं फिरवलं तर सोळा-सतरा मिनिटांत संपतं. पंधरा इंचांनी फिरवलं तर तेहेतीस मिनिटं. बँड काही रीळ बदलेपर्यंत थांबत नाही. म्हणून दोन यंत्रं ठेवायची आणि पहिलं संपायच्या आधीच दुसरं सुरू करायचं. ट्रकमधल्या एका माणसाचं लक्ष फक्त गाण्यांच्या यादीवर आणि उरलेल्या टेपवर असतं. गायकानं आयत्या वेळी एखादं गाणं पुढे-मागे केलं किंवा दोन गाण्यांमध्ये गप्पा लांबवल्या की त्याच्या पोटात गोळा येतो.

आता गायकाचा माइक. मंचावर सर्वांत जास्त घाण याच माइकमध्ये येते. ड्रमच्या झांजा गायकाच्या पाठीमागून सरळ त्यात शिरतात. गायक गात असतो तोवर त्याचा आवाज त्यांना झाकतो, पण तो माइक तोंडापासून लांब नेऊन हात वर करून लोकांना ओरडायला सांगतो तेव्हा त्या ट्रॅकवर फक्त झांजा उरतात. अशा माइकला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर मागच्या बाजूनं, म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर जमिनीवर, माइकच्या पाठीकडे ठेवतात. पण गायकानं माइकची जाळी मुठीत धरली, आणि हेवी मेटलचे गायक सर्रास धरतात, की हे सगळं गणित मोडतं. माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो.

प्रेक्षकांचे माइक हा स्वतंत्र विषय आहे. सभागृहात तीस मीटर मागे माइक टांगला तर मंचावरचा आवाज तिथे पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो. हा ट्रॅक जसाच्या तसा मिसळला तर स्नेअर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून गाणं चालू असताना प्रेक्षकांचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली असतो आणि गाणं संपत आलं की वर जातो. चांगला मिक्सिंग करणारा हे इतक्या हळूवार करतो की तुम्हाला वाटतं लोक मध्येच भडकले. खरं तर ते सबंध गाणंभर तितकेच ओरडत होते.

आणि दोन रात्रींचं कारण. त्या काळी मंचावर क्लिक (वेग धरून ठेवणारी कानातली टिकटिक) लावून वाजवायची पद्धत नव्हती. आदल्या रात्रीचा आणि दुसऱ्या रात्रीचा वेग एकसारखा नसतो, म्हणून अर्धं गाणं इकडचं, अर्धं तिकडचं असं सहजी करता येत नाही. शक्यतो अख्खं गाणं एका रात्रीचं घेतात. अगदीच अडलं तर एखाद्या ठोक्यावर ब्लेडनं टेप कापून जोड देतात. दोन रात्री म्हणजे प्रत्येक गाण्याला दोनच संधी.

नीरव

सुंदर प्रतिसाद. एक भाबडा प्रश्न : गायकाचा आवाज त्या रात्री बसलेला असेल तर? नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतात हे ऐकलंय. मग त्याला लाइव्ह का म्हणायचं?

ध्वनिलेखक

@नीरव, प्रश्न भाबडा नाही. या विषयावर आजवर जेवढी भांडणं झालीत ती सगळी याच प्रश्नावर आहेत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जुडास प्रीस्ट या बँडचं, ‘अनलीश्ड इन द ईस्ट’. फेब्रुवारी १९७९मध्ये तोक्योत मुद्रण झालं. बँड कमालीचा वाजला, पण गायक रॉब हॅल्फर्डचं गाणं वापरण्याजोगं राहिलं नाही. मग इंग्लंडमध्ये, पूर्वी जॉन लेननचं आणि नंतर रिंगो स्टारचं घर असलेल्या टिटनहर्स्ट पार्कमधल्या स्टुडिओत, निर्माता टॉम अ‍ॅलम यानं त्याच्याकडून ते पुन्हा गाऊन घेतलं. लोकांनी अल्बमचं नावच पाडलं ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’. पण हॅल्फर्डनं ते लपवलं नाही आणि मंचावर गावं तसंच सलग गायलो असं तो सांगतो.

तांत्रिक बाजू अशी की जुना आवाज पूर्णपणे पुसता येत नाही. गायकाचा ट्रॅक बंद केला तरी तोच आवाज स्पीकरांतून आणि मॉनिटरांतून निघून ड्रमवरच्या ओव्हरहेड माइकांत आणि प्रेक्षकांच्या माइकांत जाऊन बसलेला असतो. नवं गाणं त्याच्यावर तंतोतंत बसलं नाही तर मागे एक पुसट दुसरा गायक ऐकू येत राहतो. म्हणजे पुन्हा गाणाऱ्यानं त्या रात्रीचा प्रत्येक श्वास, प्रत्येक उशिरा उचललेली ओळ जशीच्या तशी धरायला हवी. काही ठिकाणी हे जमत नाही, मग तेवढ्यापुरते प्रेक्षकांचे माइक बंद करावे लागतात. हेडफोन लावून ऐकलंत तर अशा जागा सापडतात : सभागृहाची हवा क्षणभर नाहीशी होते आणि पुढच्या ओळीला परत येते.

माझं मत : ड्रम, बास आणि गिटार यांचं एकत्र चाललेलं वादन त्या रात्रीचं असेल तर मी त्याला लाइव्ह म्हणतो. तो धागाच बदलला तर नाही.

कॅसेटवेडा

याच्या दुसऱ्या टोकाला आयर्न मेडन या बँडचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’. मार्च १९८५, लाँग बीच अरीना, सलग चार रात्री, आणि एलपीची चौथी बाजू हॅमरस्मिथ ओडियनची. मार्टिन बर्चची निर्मिती. नंतर स्टुडिओत काही भरायचं नाही अशी त्यांचा बासवादक स्टीव्ह हॅरिसची भूमिका. अकरा महिन्यांच्या दौऱ्याच्या उत्तरार्धात गायक ब्रूस डिकिन्सनचा गळा किती थकला असेल याचा विचार करा, आणि तो थकवा काही ओळींत ऐकू येतो. मला तो तसाच हवा आहे.

मोटरहेडचा ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ तर हॅमरस्मिथमध्ये मुद्रितच झालेला नाही. तो मुख्यतः लीड्स आणि न्यूकॅसलचा. १९८१मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

इंद्रधनुष्य

ऑझीनंतर सॅबाथमध्ये आलेल्या गायकाची, डिओची, चाहती म्हणून मला इथे यायलाच हवं. :)

१९८२च्या त्या हिवाळ्यात एक विलक्षण गोष्ट झाली, तिचा उल्लेख अजून कुणी केला नाही. ऑझीचा सॅबाथच्या गाण्यांचा लाइव्ह अल्बम आणि खुद्द सॅबाथचा रॉनी जेम्स डिओबरोबरचा लाइव्ह अल्बम ‘लाइव्ह इव्हिल’ काही आठवड्यांच्या अंतरानं दुकानात आले. सहा गाणी दोन्हीकडे आहेत : ‘ब्लॅक सॅबाथ’, ‘एन.आय.बी.’, ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘पॅरानॉइड’. एकीकडे मूळ गायक आणि नवे वादक, दुसरीकडे मूळ गिटार-बास आणि नवा गायक. गाण्यात मंचावरचा गायक नेमकं काय करतो हे शिकायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

‘आयर्न मॅन’ घ्या. ऑझीची चाल गिटारच्या रिफला चिकटून जाते, रिफ वर गेली की आवाज वर, खाली आली की खाली. त्याच्या आवाजात फार हरकती नाहीत, आणि म्हणूनच ते गाणं इतकं जडशीळ वाटतं. डिओला असं सपाट चालणं जमत नाही, त्याचा स्वभावच नाही तो. तो शब्द ओढतो, शेवटाला कंप देतो, नाट्य उभं करतो. ‘हेवन अँड हेल’मध्ये हेच नाट्य त्या अल्बमचा कळस आहे. ‘आयर्न मॅन’मध्ये मात्र मी डिओची असूनही ऑझीच्या बाजूनं कौल देते.

आणि मिक्सिंगचं भांडण! सॅबाथचा गिटारवादक टोनी आयोमी आणि बासवादक गीझर बटलर यांच्या कानावर आलं की डिओ आणि ड्रमर विनी अपीस त्यांच्या मागे स्टुडिओत येऊन गाण्याचा आणि ड्रमचा आवाज वाढवून जातात. डिओनं हे शेवटपर्यंत नाकारलं. अपीसची बाजू अशी की आम्ही ठरल्या वेळेला येऊन कामाला लागायचो, बाकीचे उशिरा यायचे, याच्यात लपून काय? त्यातून बँड फुटला. वेष्टनावर तर ‘रॉनी डिओ’ एवढंच छापलं, मधलं ‘जेम्स’ गायब. पुढच्याच वर्षी डिओ आणि अपीस ‘होली डायव्हर’ घेऊन आले.

ध्वनिलेखक

@इंद्रधनुष्य, त्या भांडणाबद्दल एक सांगतो. कुणीही चोरून काही न करता असा वाद सहज उभा राहू शकतो. मिक्सिंगला जो माणूस खोलीत बसलेला असतो त्याला स्वतःचं वाद्य कमी ऐकू येतं, हा अनुभव प्रत्येक स्टुडिओत येतो. दोन माणसं दुपारी काम करून गेली, दुसरी दोन संध्याकाळी आली, अशी पाळी पडली की मध्ये बसलेल्या इंजिनिअरचे हाल. लाइव्ह मिक्समध्ये ते आणखी चिघळतं, कारण गायकाचा फेडर वर केला की त्याच्या माइकमधल्या झांजाही वर येतात. म्हणजे ज्यानं फक्त गाणं वाढवलं त्याच्यावर ड्रम वाढवल्याचाही आळ येऊ शकतो.

त्या खोलीत काय झालं ते तिथल्यांनाच ठाऊक. पण कान देऊन ऐकलं तर ‘लाइव्ह इव्हिल’मध्ये प्रेक्षक फार मागे आहेत. रिट्झच्या मुद्रणात ते अंगावर येतात. छोटा क्लब असल्याचा हा फायदा आहे, भिंती जवळ असल्या की लोकांचा आवाज लवकर परत येतो आणि बँडच्या आवाजात मिसळून जातो.

नीरव

दोन्ही ‘आयर्न मॅन’ पाठोपाठ ऐकले. ऑझीच्या अल्बमवर गिटारवाला मध्येच आवाज खोल खाली सोडून देतो आणि परत वर खेचतो, ते काय आहे? मूळ सॅबाथमध्ये असं ऐकल्याचं आठवत नाही.

सहावी तार

@नीरव, तो ब्रॅड गिलिसचा हात आणि फ्लॉइड रोझचा दांडा! अगदी मनातलं विचारलंत.

गिलिसची लाल १९६२ची स्ट्रॅटोकास्टर प्रसिद्ध आहे. तिच्यावर अगदी सुरुवातीच्या काळातला फ्लॉइड रोझ ब्रिज (तारा अडकवायची दांडा असलेली पट्टी) बसवलेला आहे. दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडून स्वर खाली कोसळतो, सोडला की तारा बरोबर पूर्वीच्या सुरावर येतात. साध्या ब्रिजवर इतका दांडा हाणला तर दोन ओळींत गिटार बेसूर होईल.

आयोमीचा मार्ग याच्या अगदी उलटा. सतराव्या वर्षी कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. बोटांना टोपणं लावून, हलक्या तारा वापरून आणि पुढे तारांचा सूर उतरवून त्यानं वादन उभं केलं. त्याच्या रिफेचं वजन त्यातून आलं. स्वर एकदा ठेवला की तो तिथेच रुतून बसतो.

गिलिस तेच स्वर घेतो आणि त्यांना हलवतो. सॅबाथचे अनेक जुने चाहते याला विटाळ मानतात. मला तो या अल्बमचा जीव वाटतो. त्याच्यापुढे आयोमीची नक्कल करायची आणि ऱ्होड्सची नक्कल करायची, असे दोन सापळे होते. त्यानं दोन्ही टाळले. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये तो स्वतःसारखाच वाजतो. दौऱ्यात आला तेव्हा त्यानं आधीच्या कार्यक्रमाची टेप हॉटेलच्या खोलीत लावून ऱ्होड्सचे सोलो बसवले होते आणि रोज रात्री ते इमानानं वाजवले. रिट्झमध्ये पहिल्यांदा त्याला स्वतःचं काही म्हणायची जागा मिळाली.

पानगळ

इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. गिलिसनं स्वतःचा आवाज ठेवला म्हणूनच हा अल्बम टिकला.

पण ऱ्होड्सच्या बाजूनं एक अल्बम सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. ‘ट्रिब्यूट’, १९८७. तो मंचावर असतानाचं मुद्रण बाहेर यायला पाच वर्षं गेली. मुख्य भाग ११ मे १९८१च्या क्लीव्हलँडच्या कार्यक्रमाचा. ‘गुडबाय टू रोमान्स’ आणि ‘नो बोन मूव्हीज’ ही दोन मात्र १९८०च्या इंग्लंडच्या दौऱ्यातली, बासवर बॉब डेझ्ली आणि ड्रमवर ली कर्स्लेक असतानाची. मिक्सिंगला पुन्हा मॅक्स नॉर्मनच.

@ध्वनिलेखक, तुम्ही ज्या खऱ्या-खोट्याबद्दल लिहिलंत त्यासाठी या अल्बमचा शेवट ऐका. कार्यक्रम संपतो आणि मग ‘डी’चे स्टुडिओतले तुकडे येतात. ‘डी’ ही त्यानं आईसाठी, डेलोरेससाठी, केलेली छोटी शास्त्रीय ढंगाची रचना. उत्तर हॉलीवूडमधली तिची संगीतशाळा, तिथेच तो शिकला आणि तिथेच शिकवायचा. या तुकड्यांत तो वाजवता वाजवता अडतो, थांबतो, काचेपलीकडच्या माणसाशी बोलतो, पुन्हा सुरू करतो. पूर्ण झालेली रचना ‘ब्लिझर्ड’वर आहेच. इथे ती होताना ऐकू येते. निर्मात्यानं हे साफ करून काढून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यानं ठेवलं.

इंद्रधनुष्य

‘ट्रिब्यूट’ला +१. ‘डी’चा तो भाग मला पहिल्यांदा ऐकवणाऱ्या भावाचे मी अजून आभार मानते.

या निमित्तानं आणखी एक. २००२मध्ये ‘ब्लिझर्ड’ आणि ‘डायरी’ पुन्हा काढताना डेझ्ली आणि कर्स्लेकचं बास-ड्रम पुसून दुसऱ्या वादकांकडून नव्यानं वाजवून घेतलं होतं. २०११ला मूळ वादन परत आलं. लाइव्ह अल्बममध्ये गायकानं दोन ओळी पुन्हा गायल्या तर आपण इतकं भांडतो, आणि इथे स्टुडिओ अल्बमचा पायाच बदलला होता! ध्वनिलेखक यांची कसोटी लावली तर मला दुसरा गुन्हा कितीतरी मोठा वाटतो.

ध्वनिलेखक

नक्कीच मोठा. ऱ्होड्सनं ते सोलो त्या दोघांच्या ठोक्यावर टेकून वाजवले होते. खालचा ठोका बदलला की वरचा स्वर तोच राहूनही वेगळ्या जागी पडतो.

कॅसेटवेडा

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघं शेवटचं एकत्र आले, तेव्हा सॅबाथ म्हणून चार गाणी झाली : ‘वॉर पिग्ज’, ‘एन.आय.बी.’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरानॉइड’. चारही रिट्झच्या अल्बमवर आहेत. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला. व्हिला पार्कला तो सिंहासनावर बसून गायला आणि काही ठिकाणी आवाज पोचत नव्हता, तिथे लोकांनी गायलं. त्याचं मुद्रण कुणी ओळ न् ओळ सुधारून द्यायला निघालं तर मी ते घेणार नाही. १९८२चा तेहेतीस वर्षांचा ऑझी हवा असेल तर तो रिट्झमध्ये आहेच.

पानगळ

धागा वाचून काल रात्री ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ पुन्हा सबंध ऐकला, यावेळी फक्त सार्झोच्या मागे लागून.

माझा मूळ आक्षेप कायम आहे. ज्याला ऱ्होड्सनं स्पष्ट नाही म्हटलं तो अल्बम व्हायला नको होता, आणि तो आजही मला त्याच्या नकाराच्या बाजूनं उभं करतो. पण ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’मध्ये ऑल्ड्रिज आणि सार्झो ज्या रीतीनं एकमेकांना धरून आहेत, त्यात नव्या गिटारवाल्याला कुठेही पडू द्यायचं नाही हे स्पष्ट ऐकू येतं. गिलिस सोलोमध्ये वर निघतो तेव्हा सार्झो जागचा हलत नाही, खालचा स्वर घट्ट धरून ठेवतो. असं तो क्लीव्हलँडला ऱ्होड्सच्या मागेही करायचा. ‘ट्रिब्यूट’वरचं ‘आयर्न मॅन’ आणि रिट्झचं ‘आयर्न मॅन’ लागोपाठ लावून फक्त बास ऐका, माणूस तोच आहे हे लगेच कळतं.